वाढीव ताकदीच्या गाडीला क्लच कोणता?

इंजिनाची ताकद वाढविली, की पहिली परीक्षा होते ती क्लचची. सातारा-सांगली परिसरातील घाट, बाजारपेठांतील गर्दी आणि गळीत हंगामातील संथ वाहतूक ध्यानात घेता अशा गाडीसाठी नवा क्लच कसा निवडावा, याचा हा आढावा.

घसरण कशी ओळखावी?

क्लच प्लेट ही फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबली जाते आणि केवळ घर्षणाच्या बळावर इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोहोचविते. इंजिनाचा जोर या घर्षणाच्या मर्यादेपलीकडे गेला, की प्लेट घसरू लागते. मोकळ्या चढणीवर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असता इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढतात, मात्र गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, हे घसरणीचे ठळक लक्षण होय. जळका वास येऊ लागला म्हणजे दुरुस्ती लांबणीवर टाकण्यात अर्थ नसतो. घाटात ओव्हरटेक करताना क्लचने साथ सोडली, तर प्रश्न केवळ खर्चाचा उरत नाही.

अश्वशक्ती नव्हे, टॉर्क

क्लच निवडताना बहुतेक जण अश्वशक्तीचा आकडा सांगतात. वास्तविक क्लचवर भार पडतो तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या ताकदीचा. महाराष्ट्रात तयार झालेल्या तीन गाड्यांवरून हे स्पष्ट होते. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) कारखान्यातून २००४ मध्ये आलेल्या स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएसची शक्ती १५० अश्वशक्ती आणि टॉर्क २१० न्यूटन मीटर होता. रांजणगाव येथे तयार झालेल्या २०१५ च्या अबार्थ पुंटोचे आकडे १४५ आणि २१२ असे होते. चाकणच्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआय या डिझेल गाडीची शक्ती जेमतेम १०५ अश्वशक्तीच्या घरात, परंतु टॉर्क २५० न्यूटन मीटर! कागदावर सर्वांत कमी शक्तीच्या या गाडीलाच तिघींमध्ये सर्वांत भक्कम क्लच लागतो. ईसीयूचे रिमॅपिंग केलेल्या टर्बो गाडीत तर टॉर्क कमी फेऱ्यांवरच एकदम उसळतो. म्हणून रिमॅपिंगनंतरचा टॉर्क डायनोवर मोजून घेणे ही निवडीची पहिली पायरी होय.

हिशेब सोपा आहे

क्लचची क्षमता चार गोष्टींवर ठरते: प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराचे घर्षण, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. उदाहरणादाखल दाब ४,५०० न्यूटन, घर्षण गुणांक ०.२७, सरासरी त्रिज्या ९० मिलिमीटर आणि पृष्ठभाग दोन धरल्यास या चौघांचा गुणाकार सुमारे २१९ न्यूटन मीटर येतो. इंजिनाचा मूळ टॉर्क १५० असेल, तर ही क्षमता पुरेशी होय. तोच टॉर्क २०० वर नेला, की जेमतेम ९ टक्के राखीव क्षमता उरते. झीज आणि उष्णता यांपुढे ती टिकत नाही.

येथे दोन वाटा निघतात. दाब २५ टक्क्यांनी वाढविल्यास क्षमता सुमारे २७३ न्यूटन मीटर होते. मात्र त्याचबरोबर पेडलही जड होते, आणि पेडल दाबताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर अधिक भार येतो. दाब तोच ठेवून ०.३६ गुणांकाचे अस्तर वापरल्यास क्षमता सुमारे २९२ वर जाते. परंतु क्लच झटक्याने पकड घेतो. मोजलेल्या टॉर्कपेक्षा ३० ते ४० टक्के अधिक क्षमता रोजच्या वापरातील गाडीला पुरेशी ठरते. त्याहून अधिक क्षमता घेणे म्हणजे खर्च आणि त्रास दोन्ही वाढविणे होय.

रस्ता पाहून अस्तर

शर्यतीच्या गाड्यांतील सिरॅमिक-धातूमिश्रित तुकड्यांची प्लेट तीव्र उष्णता सोसते. मात्र ती हाफ क्लचवर हळूहळू सरकू देत नाही. ती एक तर पकडते, नाही तर सोडते. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात सुमारे १२ किलोमीटरमध्ये जवळपास ६०० मीटर चढावे लागते. सुट्टीच्या दिवशी तेथे, किंवा कासच्या फुलांच्या हंगामात यवतेश्वर घाटात, वाहनांची रांग मुंगीच्या पावलाने सरकते. सांगली-मिरजेचा रस्ता सपाट असला, तरी गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे वारंवार थांबत जावे लागते. अशा ठिकाणी सिरॅमिक प्लेटची गाडी हिसके देते, तर हाफ क्लचवर चढणीला उभी केलेली साधी प्लेट जळते. हँडब्रेक लावून सुटण्याची सवय कोणत्याही महागड्या प्लेटहून मोलाची होय.

म्हणून या परिसरात रोज फिरणाऱ्या गाडीला सेंद्रिय अस्तराची, स्प्रिंगयुक्त मध्यभागाची प्लेट आणि माफक वाढीव दाबाची प्रेशर प्लेट हा संच योग्य ठरतो. सिरॅमिक प्लेट केवळ स्पर्धेच्या गाडीसाठी ठेवावी.

सोबतचे भाग

गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी मोठी असते. त्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकत्रच बदलावा. क्रँकशाफ्टचे मागील ऑइल सील तपासावे. तेलाचा थेंबही नव्या प्लेटची पकड घालवितो. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा तडे आहेत का, ते पाहावे. साधे फ्लायव्हील मर्यादेत राहून फेसिंग करता येते. अनेक डिझेल गाड्यांत दुहेरी वस्तुमानाचे फ्लायव्हील असते. ते सैल झाले असल्यास बदलावेच लागते. त्याऐवजी एकसंध फ्लायव्हील बसविल्यास गिअरबॉक्समध्ये खडखडाट वाढतो. नवा संच बसविल्यावर पहिले ५०० ते ८०० किलोमीटर गाडी संयमाने चालवावी.

कायद्याची बाजू

मूळ मापाचा क्लच बदलणे ही दुरुस्ती होय. मात्र नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील, असे बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. शिवाय इंजिनातील बदल विमा कंपनीपासून दडविल्यास अपघातानंतर दावा अडचणीत येऊ शकतो. एमएच-११, एमएच-५० किंवा एमएच-१० क्रमांकाची गाडी घेऊन गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी मालकाने टॉर्कच्या आकड्याबरोबरच याचाही विचार केलेला बरा.