तिरपं लाकूड: किल्लारी, लिस्बन आणि शेलूबाजारची एक भिंत

मागच्या दिवाळीत शेलूबाजारला गेलो, तेव्हा काकांनी विषय काढला. मधली मातीची भिंत पाडायची, हॉल मोठा करायचा. "वजन तं सारं खांबावर हाये, मंग भित कायले ठेवाची?"

आमचं जुनं धाब्याचं घर. सागवानी खांब, वर तुळया, त्यावर माती. मी सॉफ्टवेअरवाला, सिव्हिलवाला नाही. तरी टेप घेऊन एकेक खण मोजला, लॅपटॉपवर सांगाडा काढला, भिंत डिलीट केली आणि आडवा धक्का देऊन पाहिला. घर ढिम्म हललं नाही. काका खूश.

रात्री चूक दिसली. खांब-तुळईचा प्रत्येक जोड मी 'पक्का' ठेवला होता, जणू वेल्डिंगच केलंय. खरं तर तुळई खांबाच्या डोक्यावर नुसती बसवलेली असते. धक्का बसला की तो जोड बिजागरीसारखा फिरतो. सेटिंग बदललं आणि अख्खा सांगाडा एका बाजूला कलंडला. चार काड्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा, बोटाने ढकला: लगेच वाकडा होतो. त्यात एक तिरपी काडी घाला, दोन त्रिकोण होतात आणि तो हलत नाही. आमच्या घरात त्या काडीचं काम भिंत करत होती.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं. भूकंप ६.२ चा, मृत्यू सुमारे १०,०००. आणि नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता! घरं माळवदाची. डोक्यावर दीड-दोन फूट माती, बाजूला मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर, पण दोघांना बांधणारा आरपार दगड नाही. थर सुटले आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले.

तरीही काही घरांत भिंती कोसळल्या आणि लाकडी सांगाडा माळवदासकट उभा राहिला. म्हणजे काका अर्धे बरोबर होते: वजन खांबावरच असतं. आडव्या धक्क्याचं काय, एवढाच प्रश्न. म्हणून नंतर घरं मजबूत करताना सांगितलं गेलं: माळवदाची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपं लाकूड ठोका. पण तोवर लोकांचा दगडी घरावरचा विश्वासच उडाला होता.

ही युक्ती जुनीच. १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बनमध्ये नव्या इमारतींच्या भिंतींत फुल्यांचा लाकडी पिंजरा घालायला लागले. नमुन्याभोवती सैनिकांची कवायत करून तो हादरवून पाहिला, असं सांगतात. काश्मीरच्या धज्जी-देवारी घरांतही तिरप्या लाकडांच्या चौकटी असतात, मधे दगड-माती भरलेली.

मीही उत्साहात काकांच्या हॉलमध्ये मोठी फुली टाकली. प्लॅनमध्ये ती नुसती एक रेघ दिसते. दोन्ही टोकांची उंची वेगवेगळी द्यावी लागते, ते जमेपर्यंत ती दोनदा जमिनीवर आडवी पडली. शेवटी थ्रीडीत दाखवली. काका बराच वेळ बघत राहिले.

"अन् दार कुठून काढाचं?"

फुली काढली. कोपऱ्यांत हातभर लांबीचे तिरपे तुकडे टाकले, किल्लारीनंतर सुचवले तसे. हॉल मोकळा राहतो, पण ताकद फुलीएवढी नाही. ती पुरेल का, हे माझ्या लॅपटॉपने नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरने घर बघून सांगायचं. तोवर भिंत आहे तिथेच आहे.