पत्र्याचा डोंगर आणि त्यातला बोगदा

१/ खेळण्यातल्या आगगाडीचा शंभर वर्षांपूर्वीचा पत्र्याचा बोगदा आजच्या मांडणीत क्वचितच सहज सामावतो. त्याचे तोंड अवाजवी रुंद आणि डोंगर अवाजवी बुटका असतो, आणि झाडे-घरे पत्र्यावरच रंगवलेली असतात. मात्र हा बोगद्याचा दोष नव्हे. तो निराळ्या खेळासाठी घडला होता.

२/ जर्मनीतील ग्योपिंगेनची मेर्क्लिन ही कंपनी १८५९ पासून बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातील पत्र्याची भांडी बनवत असे. बाहुलीघर एकदा घेतले की भांड्यांची भर पडतच राहते, हे तिने ओळखले होते. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत तिने हाच न्याय आगगाडीला लावला आणि ठरावीक मापांचे, वाढवता येणारे रूळ मांडले. स्थानके, सिग्नल, पूल, बोगदे ही या व्यवसायाची पुढची पावले होती.

३/ भांड्यांना कल्हई करतात त्याच कथिलाचा पातळ थर पोलादी पत्र्यावर चढवला की तो सहसा गंजत नाही. आरंभी अशी खेळणी हाताने रंगवीत. १८७५ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी शिळाछापाचे नवे यंत्र पेटंट केले. दगडावरील चित्र त्यात आधी मधल्या सिलिंडरवर आणि तेथून पत्र्यावर उमटे. पुढे अशा छपाईमुळे रंगीत पत्र्याची खेळणी स्वस्त झाली.

४/ त्या काळी बहुतेक घरांत रुळांना कायमची जागा नव्हती. दुपारी गालिच्यावर रूळ जोडायचे, त्यांवर बोगदा ठेवायचा आणि रात्री सारे पेटीत भरायचे. म्हणून बोगदा हलका, सुटा आणि चहूबाजूंनी पाहण्याजोगा केला गेला.

५/ तोंड रुंद असण्यामागे भूमिती आहे. वळणावर लांब डब्याचा मध्यभाग आत सरकतो आणि टोके बाहेर झुकतात. हॉर्नबीच्या शून्य गेजमधील मोठ्या वळणाची त्रिज्या दोन फूट, म्हणजे सुमारे ६१० मिमी. बोगींमध्ये २५० मिमी अंतर असलेला डबा तेथे मध्यभागी सुमारे १३ मिमी आत येतो. खऱ्या बोगद्याच्या प्रमाणात तोंड ठेवले असते, तर डबा भिंतीला घासला असता.

६/ १९३५ साली मेर्क्लिनने आणि १९३८ साली हॉर्नबीने टेबलावर मावणाऱ्या, जवळपास निम्म्या आकाराच्या गाड्या आणल्या. दुसऱ्या महायुद्धात धातू शस्त्रनिर्मितीकडे वळला. अमेरिकेतील लायोनेलने १९४२ मध्ये गाड्यांचे उत्पादन थांबवले आणि १९४३ मध्ये चक्क कागदी गाडी विकली. युद्धानंतर हुबेहूब प्रतिकृतींची आवड वाढली. लाकडी पाटावर प्लास्टरचे डोंगर कायमचे उभे राहिले आणि पत्र्याचा बोगदा परका ठरला.

७/ त्यामुळे आज असा बोगदा हाती आला की मोह होतो तो तोंड कापण्याचा, नवा रंग देण्याचा किंवा प्लास्टरमध्ये चिणून टाकण्याचा. मात्र कापलेल्या कडेला कथिल उरत नाही आणि गंज तेथूनच शिरतो. रंग दिला की मूळ छपाई झाकली जाते. प्लास्टरची ओल उरलेले काम पुरे करते.

८/ म्हणून बोगद्यासाठी मांडणी बदलावी. सरळ बोगदा सरळ रुळांवरच ठेवावा आणि त्याच्या दोन्ही तोंडांबाहेर किमान एका डब्याएवढा सरळ मार्ग राखावा. सर्वांत लांब डबा आणि सर्वांत रुंद इंजिन आधी हाताने ढकलून पाहावे. भोवतीचा डोंगर वेगळा, हलका आणि पत्र्यापासून किंचित दूर असावा. बोगद्याखाली लोकरी नमद्याची पट्टी द्यावी आणि तो खिळ्याने वा डिंकाने जखडू नये.

९/ तीन रुळांच्या विद्युत मार्गावर अधिक जपावे लागते. सामान्यतः मधला रूळ विजेचा असतो आणि बाहेरचे दोन परतीचे. पत्र्याची कड एकाच वेळी मधल्या व बाहेरच्या रुळाला टेकली की शॉर्ट सर्किट होते. खाली पत्र्याचा तळ असलेल्या बोगद्यात म्हणूनच रुळांखाली कोरडा पुठ्ठा घालावा.

१०/ अशा रीतीने बसवलेला बोगदा दोन हातांनी अलगद उचलता येतो. आत गाडी घसरली तर ती सोडवता येते आणि बोगदा पुन्हा पेटीतही जातो. तो घडला होता तोच मुळी असा उचलण्यासाठी. त्याच्यावरचे मूळ रंग पुढच्या हातांपर्यंत पोहोचतील, ते या सुटेपणामुळेच.