ब्रिटनमधील कायम वास्तव्य आणि इंग्रजीची अट
ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसावर जाणाऱ्यांना नोव्हेंबर 2010 पासून प्राथमिक (ए1) इंग्रजी सिद्ध करावे लागते. कायम वास्तव्यासाठी ऑक्टोबर 2013 पासून बी1 पातळीचे बोलणे-ऐकणे आणि 24 प्रश्नांची ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा, दोन्ही बंधनकारक झाले. अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना भाषेच्या परीक्षेतून सूट आहे, भारतीयांना नाही. इंग्रजी माध्यमाची पदवी असेल तर ती टळते. म्हणजे शिकलेला नवरा सुटतो, सातवीत शाळा सुटलेली बायको परीक्षेला बसते. भाषा यायला हवी, हे आम्हालाही मान्य आहे; दवाखान्यात तिच्यावाचून अडते. पण इंग्लंडमध्ये 2010 नंतर स्थलांतरितांच्या इंग्रजी वर्गांचा निधी घटला आणि अट मात्र वाढली. लग्न करून जाणाऱ्या मुलींनी तयारी इथेच सुरू करावी. परीक्षा ब्रिटिश सरकारच्या मान्यताप्राप्त केंद्रावरच द्यावी. गल्लीतल्या क्लासचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही.