बांबूसारखा कणा, आतून विरळ हाड : एका गृहीतकाचा इतिहास

'रिसर्च गॅप शोधा' हे आपण पीएचडीच्या तयारीत शंभरदा ऐकतो. पण ती दिसते कशी? आज त्यासाठी एका आजाराचा इतिहास बघू.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा पाठीच्या कण्याचा दाहजन्य संधिवात. बहुतेकदा विशी-तिशीत सुरू होतो. सकाळी उठताना कंबर आखडलेली असते, हालचाल केली की मोकळी होते. पुढे काही रुग्णांत मणके एकमेकांना हाडानेच जोडले जातात. एक्स-रेमध्ये असा कणा पेरं असलेल्या बांबूसारखा दिसतो, म्हणून नाव पडलं 'बांबू स्पाइन'. पण याच आजारात मणक्याच्या आतलं हाड मात्र विरळ होत जातं. बाहेर नको तिथे हाड वाढतं आणि आत हवं तिथे घटतं. हा विरोधाभास समजायला इतका वेळ का लागला?

सुरुवातीला डॉक्टरांना दिसत काय होतं, ते बघा. १६९० च्या दशकात बर्नार्ड कॉनर या आयरिश डॉक्टरने फ्रान्समध्ये मिळालेल्या एका सांगाड्याचं वर्णन केलं. त्यात १५ मणके, कमरेची हाडं आणि काही बरगड्या जुळून एकसंध झाल्या होत्या. पुढे रशियात बेख्तेरेव (१८९३), जर्मनीत स्ट्रुम्पेल (१८९७) आणि फ्रान्समध्ये पियर मारी (१८९८) यांनी रुग्णांची सविस्तर वर्णनं लिहिली. १८९५ मध्ये एक्स-रेचा शोध लागला. पण एक्स-रेमध्ये वाढलेलं हाड ठळक दिसतं, घटलेलं हाड मात्र बरंच कमी झाल्याशिवाय कळत नाही. साहजिकच लक्ष जुळलेल्या मणक्यांवर राहिलं.

हाड विरळ होतं हे लक्षात आल्यावरही त्याचं एक सोपं उत्तर तयार होतं : कणा ताठ झाला, माणूस हलत नाही, म्हणून हाड झिजतं. उत्तर पटण्यासारखंच होतं, कारण दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या कुणाचंही हाड कमी होतं. अडचण एवढीच, की जुन्या रुग्णांत ताठरपणा आणि दाह दोन्ही एकत्र असतात. मग दोष कोणाचा, हे ठरवणार कसं? आपण ज्याला कन्फाउंडिंग म्हणतो, ते हेच.

१९८९ मध्ये विल आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा अभ्यास छापला. त्यांनी आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले, कण्याची हालचाल अजून नॉर्मल असलेले पुरुष निवडले. तरीही कंबरेच्या मणक्यांत आणि मांडीच्या हाडाच्या मानेत घनता कमी निघाली. म्हणजे ताठरपणा येण्याआधीच हाड घटायला लागलं होतं! निव्वळ 'हालचाल नाही म्हणून' हे उत्तर इथे पुरेना. इथे खरी करामत रुग्णांच्या निवडीत होती. आणखी एक गोष्ट : त्या लेखाच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. एकाच वेळी केलेल्या मोजणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, याची जाण त्यात दिसते.

पुढची कडी रेणूंच्या पातळीवर मिळाली. १९९७-९८ च्या सुमारास ऑस्टिओप्रोटेजेरिन आणि रँक-लिगँड ही प्रथिनं ओळखली गेली. रँक-लिगँड हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना चालना देतं, तर ऑस्टिओप्रोटेजेरिन त्याला अडवतं. टीएनएफसारखे दाहाचे रेणू हा तोल हाड खाण्याच्या बाजूला झुकवतात. नंतर टीएनएफ रोखणारी औषधं घेणाऱ्या रुग्णांत हाडांची घनता वाढलेली दिसली.

पण थांबा, इथे मोजमापाचा सापळा आहे. डेक्सा स्कॅन समोरून घेतला, तर मणक्याच्या बाहेर वाढलेलं हाडही मोजणीत धरलं जातं. आतून पोकळ होत चाललेला कणा मग रिपोर्टमध्ये ठणठणीत! म्हणून जुन्या रुग्णांत खुब्याची मोजणी जास्त भरवशाची ठरते. शिवाय घनता वाढणं आणि फ्रॅक्चर टळणं हे दोन वेगळे निकाल आहेत. पेपर वाचताना कोणता मोजलाय ते आधी तपासा.

हे सगळं रुग्णाच्या दृष्टीने का महत्त्वाचं? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराच्या नोंदींवरून १५८ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांच्यात मणक्याच्या फ्रॅक्चरचं प्रमाण अपेक्षेच्या ७.६ पट होतं, हातापायांच्या फ्रॅक्चरचं मात्र वाढलेलं नव्हतं. जुळलेला कणा वाकत नाही, तो एखाद्या लांब हाडासारखा मोडतो. घरात पाय घसरल्याचंही निमित्त पुरतं, मज्जारज्जूला इजा होऊ शकते आणि साध्या एक्स-रेत हे फ्रॅक्चर सुटू शकतं. 'पाठ तर नेहमीच दुखते' म्हणून नवं दुखणं अंगावर काढलं, तर ते महागात पडतं. पडल्यानंतर मान किंवा पाठ नव्याने दुखू लागली, तर अशा रुग्णाची सीटी किंवा एमआरआय तपासणी लागते.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयात सगळे पेपर न तपासता पुढे ढकलतात असं एक 'म्हणून' शोधा. मग विचारा : ही दोन कारणं वेगळी करून दाखवेल असा गट कुठे सापडेल? सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी याचं उत्तर वहीत एका ओळीत लिहून ठेवा.