कुत्र्यासाठीचं द्वंद्व आणि कत्तलखान्याचा कायदा

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात कासलबार हे गाव आहे. १७८०च्या दशकात तिथल्या लष्करी बराकींच्या आवारात दोन जमीनदार पिस्तुलं रोखून समोरासमोर उभे ठाकले. कारण होतं एक कुत्रा.

कासलबारजवळच्या टर्लोचा जॉर्ज रॉबर्ट फिट्झजेरल्ड भांडखोर म्हणून सगळीकडे बदनाम होता. वेस्टपोर्टच्या लॉर्ड आल्टमाँट यांच्याकडे ‘प्राइम सार्जंट’ नावाचा धिप्पाड वुल्फहाउंड होता. फिट्झजेरल्डने त्यांच्या घरी जाऊन त्याला गोळी घातली. त्या घराण्याचा स्नेही रिचर्ड मार्टिन याला ते सहन झालं नाही आणि त्याने फिट्झजेरल्डला जाब विचारला. द्वंद्वातून दोघेही वाचले. पुढे १७८६ साली एका खुनाच्या प्रकरणात फिट्झजेरल्डला याच कासलबारमध्ये फाशी झाली.

मार्टिन मात्र लंडनच्या संसदेत पोचला. त्या द्वंद्वातूनच पुढचा कायदा जन्मला असं म्हणणं ओढूनताणून होईल. पण मुक्या जनावरावरचा अन्याय हा आपलाच अपमान मानणारा माणूस तिथे दिसतो, एवढं खरं. सभागृहात त्याची टिंगल झाली, तरी १८२२ साली त्याने गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा मंजूर करून घेतला. शिक्षा पाच पौंडांपर्यंत दंड, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद. दोनच वर्षांनी लंडनच्या एका कॉफीहाउसात प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था स्थापन झाली, तेव्हाही मार्टिन तिथे होता.

या कायद्याने बाजाराकडे हाकलल्या जाणाऱ्या बैलाच्या पाठीवरची काठी अडवली. कत्तलखान्याच्या आत काय होतं, याला मात्र त्याने हात घातला नाही. तिथे खाटीक लांब दांड्याच्या कुऱ्हाडीने बैलाच्या कपाळावर घाव घालत असे. नेम चुकला, जनावराने मान हलवली, की दुसरा घाव, मग तिसरा. मेंढरं आणि डुकरं तर बहुधा शुद्धीवर असतानाच चिरली जात.

१९०३च्या सुमारास जर्मनीतल्या श्ट्राउबिंगच्या कत्तलखान्याचे संचालक हूगो हाइस यांनी बोल्ट पिस्तूल तयार केलं. त्यातून गोळी सुटत नाही. काडतुसाच्या जोरावर एक पोलादी दांडा कपाळात शिरतो आणि लगेच मागे येतो. प्रत्येक डोळ्यापासून विरुद्ध बाजूच्या शिंगाच्या मुळापर्यंत रेघ ओढली, तर दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे नळी टेकवायची. नेम बरोबर बसला की गुडघे तत्क्षणी दुमडतात, श्वासाची लय थांबते, बुबुळाला बोट लावलं तरी पापणी मिटत नाही. पापणी हलली, तर जनावर शुद्धीवर असू शकतं. अशा वेळी सुरीला हात न लावता लगेच दुसरा बार काढायचा असतो.

आयर्लंड स्वतंत्र झाल्यावर १९३५ साली तिथे जनावरांच्या कत्तलीचा कायदा आला. ज्यू आणि मुस्लिम धर्मरीतीने होणाऱ्या कत्तलीला त्यात आधी बेशुद्ध करण्याच्या अटीतून सवलत ठेवली होती. मेयोमध्येच या सवलतीचं महत्त्व पुढे वाढलं, कारण १९७०च्या दशकात बॅलीहॉनिस गावात हलाल मांसाचा कारखाना उभा राहिला आणि १९८७ साली तिथे मशीदही बांधली गेली. आज आयर्लंडमध्ये युरोपीय संघाचा कत्तलीविषयीचा २००९चा नियम लागू आहे. त्यात विजेने बेशुद्ध करताना मेंढीला किमान १ आणि डुकराला किमान १.३ अँपिअर प्रवाह मिळाला पाहिजे, इतका बारकाईचा हिशेब आहे. धार्मिक कत्तलीची मुभा त्यातही आहे.

मार्टिनच्या कायद्यापासून आयर्लंडच्या १९३५च्या कायद्यापर्यंत ११३ वर्षं गेली. रस्त्यावरचा मार सगळ्यांना दिसत होता, भिंतीआडचा कोणालाच दिसत नव्हता. एवढ्या उशिराचं मोठं कारण हेच असावं.

आपल्याकडे २००१च्या कत्तलखाना नियमांनुसार एका जनावरासमोर दुसरं कापता येत नाही. कत्तलीपूर्वी जनावराला बेशुद्ध करण्यासाठी वेगळी जागा ठेवायलाही ते नियम सांगतात. आपल्या नगरपालिकेच्या कत्तलखान्यात ती जागा आहे का, साधन चालू आहे का आणि ते वापरायला शिकलेला माणूस तिथे आहे का, हे मटण खाणाऱ्याने आणि न खाणाऱ्यानेही आपल्या नगरसेवकाला विचारावं.