मोबाइल टॉवरची भीती कुठून आली?

जुईनगरमध्ये सोसायटीच्या गच्चीवर टॉवर बसवायचा विषय निघाला, की एरवी मीटिंगला न फिरकणारेही हजर असतात. मग ओपीडीत प्रश्न येतो : "डॉक्टर, डोकं दुखतं, झोप येत नाही. समोरच्या टॉवरमुळे असेल का?" उत्तर देण्याआधी या भीतीचा इतिहास सांगतो.

१८९५ मध्ये रंटजेन यांनी क्ष-किरण शोधले. सुरुवातीला ते बेफिकिरीने वापरले गेले आणि कित्येक डॉक्टर-तंत्रज्ञांना हाताचे कॅन्सर झाले. पुढे हिरोशिमा, चेर्नोबिल. या किरणांत पेशीतील डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा असते, त्यामुळे ती भीती रास्तच होती. मोबाइलच्या लहरी रेडिओच्या जातीच्या. त्या डीएनए तोडू शकत नाहीत; फार तीव्र असल्या तर ऊती गरम करतात. पण आपल्या बातम्यांनी दोन्हींना 'किरणोत्सर्ग' हा एकच शब्द लावला. माझ्या मते निम्मी भीती या शब्दाने पेरली.

मुंबईत ती पेटली २०१० च्या सुमारास. कारमायकल रोडवरच्या एका इमारतीत कॅन्सरचे अनेक रुग्ण निघाले आणि समोरच्या गच्चीवर अँटेना होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी टॉवरच्या धोक्याबद्दल दूरसंचार विभागाला अहवाल दिला. घरात कॅन्सर असलेल्या माणसाला कारण हवं असतं, हे मी रोज पाहतो. पण कॅन्सर इतका सामान्य आजार आहे, की हजारो इमारतींपैकी काहींत योगायोगानेही जास्त रुग्ण निघणारच. आपण नेमकी तीच इमारत पाहतो आणि समोर काय आहे ते शोधतो. टॉवर समोर असूनही कुणालाच काही न झालेल्या इमारतीची बातमी होत नाही.

मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या लहरींना '२बी', म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक', या गटात टाकलं. आधार होता कानाला फोन लावून खूप बोलणाऱ्यांच्या अभ्यासांचा, टॉवरचा नव्हे. (कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही पुढे याच गटात गेला.) १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. लोक निश्चिंत व्हायचे ते उलट म्हणू लागले, "बघा, धोका होता म्हणूनच कमी केली ना!"

मग कोविड. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत 'फाइव्हजीच्या चाचण्यांमुळे माणसं मरताहेत' असे मेसेज फिरले. चाचण्या देशात कुठेच सुरू झालेल्या नाहीत, असा खुलासा दूरसंचार विभागाला मे महिन्यात करावा लागला. जूनमध्ये अभिनेत्री जुही चावला यांचा फाइव्हजीविरोधी दावा दिल्ली उच्च न्यायालयाने २० लाखांचा दंड लावून फेटाळला. दंड नंतर २ लाखांवर आला. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला ६३ अभ्यासांचा आढावा आला. त्यात मोबाइल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. ही बातमी तुमच्या ग्रुपवर आली होती का?

आता डोकेदुखीचं. ती खोटी नसते. लंडनच्या संशोधकांनी २००५ मध्ये अशा ७२५ लोकांवरचे ३१ प्रयोग तपासले. लहरी कधी चालू आणि कधी बंद, हे त्यांना ओळखता येत असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. त्रास मात्र लहरी बंद असतानाही व्हायचा. भीतीने खरंच डोकं दुखतं.

आणखी एक गंमत. टॉवर लांब गेला, सिग्नल क्षीण झाला, की तुमचा फोन टॉवरपर्यंत पोहोचायला जास्त ताकद लावतो, तीही कानाशी. एवढं करून काळजी वाटत असेल तर इअरफोन लावा.

माझ्या एका रुग्ण ताई आठ महिने टॉवरला दोष देत होत्या, खिडकीला जाड पडदेही लावले होते. तपासलं तर रक्तदाब १७०/११०. गोळी सुरू केल्यावर तीन आठवड्यांत डोकं थांबलं. टॉवर अजून तिथेच आहे. तुमचंही डोकं वरचेवर दुखत असेल, तर सोसायटीला अर्ज लिहिण्याआधी रक्तदाब मोजून घ्या आणि चष्म्याचा नंबर तपासा.