सतराशे पन्नास रुपयांची कुळकथा

भोपाळच्या अशोका गार्डनमधून रेल्वेचे रूळ ओलांडले की पलीकडे हनुमानगंज. तिथल्या पोलीस ठाण्यात ३ डिसेंबर १९८४ रोजी वायुकांडाचा गुन्हा नोंदला गेला, क्रमांक ११०४/८४. निकाल लागला ७ जून २०१० रोजी. युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड ही कंपनी दोषी ठरली आणि तिला दंड झाला ५,०१,७५० रुपये. हजारो माणसं ज्यात मेली त्या कांडाचा हा दंड! पाच लाखांचं ठीक, पण वरचे १,७५० आले कुठून?

ते दंड संहितेतच सापडले. कलम ३३६, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं, दंड जास्तीत जास्त २५० रुपये. कलम ३३७, दुखापत, ५०० रुपये. कलम ३३८, जबर दुखापत, १,००० रुपये. करा बेरीज. हे आकडे १८६०च्या मूळ कायद्यातले आणि दीडशे वर्षं जसेच्या तसे. पाच लाख बसले ३०४-अ खाली. ते कलम १८७०मध्ये घातलेलं, त्यात दंडाला आकड्याची मर्यादा नव्हती. कंपनीच्या सात अधिकाऱ्यांना प्रत्येकी १,०१,७५० रुपये दंड झाला. म्हणजे शेपूट तेच. कायद्याने माणूस आणि कंपनी एकाच तराजूत तोलले.

पण कंपनी या तराजूत चढली कशी? दंड संहितेचं कलम ११ म्हणायचं की ‘व्यक्ती’मध्ये कंपनीही आली. या कल्पनेच्या पितृत्वावरून वाद आहे. जर्मन पंडित ओटो फॉन गिर्के यांनी ते पोप चौथे इनोसंट यांना दिलं. या पोपनी १२४५च्या लिऑन परिषदेत अख्ख्या संस्थेला बहिष्कृत करायला मनाई केली, कारण त्यात निरपराधही भरडले जातात. मला हे पटत नाही. इनोसंट यांनी तर संस्थेला शिक्षेतून सोडवलं. ज्याने सोडवलं तो आरोपीचा बाप कसा?

दुसरा दावेदार ईस्ट इंडिया कंपनी. मेकॉले यांच्या आयोगाने संहितेचा मसुदा १८३७मध्ये केला तो कंपनी सरकारच्याच अमलात, त्यामुळे मोह होतो. पण तेव्हा ती राज्यकर्ती होती. तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं कुणाच्या मनात असणार?

माझं मत रेल्वेला. १८४६मध्ये ग्रेट नॉर्थ ऑफ इंग्लंड रेल्वे कंपनीने लोहमार्गासाठी सार्वजनिक रस्ता कापला आणि खटला झाला. न्यायमूर्ती डेनमन यांचं म्हणणं असं की, नोकरांना पकडून जरब बसत नाही, खरा कर्ता जी कंपनी तिच्यावरच आरोप हवा. त्यानंतर चौदा वर्षांनी आपली संहिता आली. तोवर मुंबई-ठाणे गाडीला सात वर्षं झाली होती आणि तीही एका कंपनीचीच. कलम ११ मागे रेल्वेच उभी आहे, असं मी मानतो.

पुढची अडचण तुरुंगाची. १९६४मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती परांजपे यांनी सांगितलं की कंपनीवर खटला चालतो, मात्र जिथे फक्त कैदच होऊ शकते तिथे नाही. कैद सक्तीची असली तरी कंपनीला दंड करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं २००५मध्ये, तेही तीन विरुद्ध दोन मतांनी.

आंतरराष्ट्रीय कायदा तर दारातच थांबला. १९९८मध्ये रोम इथे फ्रान्सने कंपन्यांनाही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कक्षेत आणण्याचा प्रस्ताव मांडला, तो बारगळला. त्या न्यायालयाच्या संविधीतल्या कलम २५मध्ये माणसंच उरली. परदेशी कंपनी देशी कायद्यालाही सापडली नाही: भोपाळ खटल्यातली दहाव्या क्रमांकाची आरोपी, अमेरिकेतली युनियन कार्बाइड कॉर्पोरेशन, कोर्टापुढे आलीच नाही.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात ते तीन आकडे दसपट झालेत, २,५००, ५,००० आणि १०,०००. बेरीज साडेसतरा हजार. माणसाच्या खिशावरून ठरवलेला दंड कंपनीला लावणं आता तरी थांबवा; तो तिच्या वार्षिक उलाढालीच्या टक्क्यांत ठरला पाहिजे.